नव्या एसीतून पाणी गळतंय, फिटर म्हणतो गॅस कमी आहे: आधी ड्रेन पाइप बघा

तुम्ही लिहिलंय त्यावरून: दीड टनाचा नवा स्प्लिट, बसवल्यापासून उजव्या कोपऱ्यातून भिंतीवर ओघळ, फिटर दोनदा येऊन पाइप फुंकून गेला. आधी म्हणाला हवेत दमटपणा फार आहे, आता म्हणतोय गॅस भरावा लागेल. गॅसला एवढ्यात हो म्हणू नका.

दमटपणाचं कारण तर मला पटतच नाही. हवेतला ओलावा आतल्या युनिटच्या गार कॉइलवर (गॅसच्या नळ्या आणि पात्यांच्या जाळीवर) पाणी होऊन खालच्या ट्रेमध्ये पडतो आणि तो बाहेर न्यायलाच तर ड्रेन पाइप असतो. एक टन म्हणजे थंड करण्याची साधारण साडेतीन किलोवॉट ताकद, म्हणजे तुमचा एसी सव्वापाच किलोवॉटचा. दमट हवेत त्यातली पाव ताकद जरी पाणी काढण्यात गेली, तरी तासाला दोन लिटरच्या आसपास पाणी निघतं. एवढं पाणी जाणार हे धरूनच पाइप टाकायचा असतो.

गॅसचा संबंध आहे का, हे तुम्हाला घरीच कळेल. एसी बंद करा, मेन स्विचही बंद करा. पुढचं झाकण उघडून जाळ्या काढा आणि बाटलीने लिटरभर पाणी कॉइलच्या खालच्या भागावर सावकाश सोडा, म्हणजे ते ट्रेमध्ये उतरेल. कडेच्या इलेक्ट्रिकच्या भागाकडे पाणी जाऊ देऊ नका. दुसऱ्या कुणाला तरी बाहेर पाइपच्या तोंडाशी उभं करा. बंद एसीतूनही कोपऱ्यात ओघळ आला, किंवा बाहेर पाणी थांबत-गचके देत पडलं, तर दोष निचऱ्याचा आहे, गॅसचा नाही. बाहेर सरळ धार लागली आणि आत सगळं कोरडं राहिलं, तर एसी तासभर चालवून कॉइल बघा. पांढरा बर्फ धरला असेल तर गॅस कमी असणं, जाळी तुंबणं, पंखा मंद फिरणं यातलं काहीतरी आहे. तो बर्फ वितळताना पाणी ट्रेच्या बाहेर पडतं. कॉइल सगळीकडे सारखी ओली असेल, तर मात्र गॅसचा विषय तिथेच सोडा.

आता तुमचा फोटो. माझा संशय इथेच आहे. तुमची पाइपिंग (गॅसच्या तांब्याच्या नळ्या) युनिटच्या डाव्या बाजूने भिंतीत जाते, आणि ड्रेनची नळी मात्र उजवीकडच्या तोंडाला जोडलेली दिसते. बऱ्याच मॉडेल्समध्ये ट्रेला दोन्ही बाजूंना तोंडं असतात, एकाला नळी आणि दुसऱ्याला रबरी बूच. पाइप डावीकडून काढायचा असेल तर नळी डावीकडे घ्यायची आणि बूच उजवीकडे लावायचं, हे दहा मिनिटांचं काम. ते टाळायला नळी युनिटच्या पाठीमागून आडवी फिरवतात. तेवढ्या लांबीत उतार मिळत नाही. त्यातच तांब्याच्या नळ्यांचा गठ्ठा तिला वर उचलून धरतो आणि पाणी तुंबून ट्रेच्या कडेवरून सांडतं. फुंकलं की तुंबलेलं पाणी निघून जातं, दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. फिटर दोनदा का आला, याचं कोडं बहुतेक इथेच सुटतं.

बूच बदललं तर ते घट्ट बसलंय ना, हे त्याच्याकडून बघून घ्या. अर्धवट बसलेल्या बुचातून होणारी गळती हुबेहूब तुमच्यासारखीच दिसते.

पुढे भिंतीतलं भोक. ते बाहेरच्या बाजूला किंचित खाली हवं. टेप गुंडाळताना ड्रेनची नळी गठ्ठ्यात सगळ्यात खाली ठेवायची, तांब्याच्या नळ्या तिच्या वर. निचऱ्याला दर मीटरला निदान एक सेंटिमीटर उतार लागतो. लवचीक नळी असेल तर मी दोन मागतो, कारण ती झोळते. नळी जिथे झोळते तिथे पाणी साचतं, त्यात धूळ आणि शेवाळासारखा बुळबुळीत थर धरतो. वाढीव नळी जोडताना वरच्या नळीचं टोक खालच्या नळीत गेलं पाहिजे. उलटं घालून नुसती टेप मारली तर पाणी सांध्यातूनच झिरपतं, आणि तो सांधा भिंतीत असेल तर पोपडे निघाल्यावरच कळतं.

तुम्ही नळी बादलीत सोडली आहे. तिचं तोंड पाण्यात बुडू देऊ नका. वर कुठे झोळ असेल तर मधली हवा दोन्हीकडून कोंडते आणि पाणी पुढे सरकत नाही. तोंड मोकळं लटकू दे. मैलापाण्याच्या पाइपला थेट जोडायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, वास खोलीत येतो.

खालच्या कमेंटमध्ये एकाने यू-ट्रॅप, म्हणजे नळीला पाणी अडून राहील असं यू आकाराचं वळण, लावायला सांगितलंय. छतात लपवलेल्या डक्टवाल्या युनिटला तो लागतो, कारण तिथे ब्लोअरची, म्हणजे आतल्या पंख्याची, ओढ पाणी ट्रेमध्येच अडवून धरते. तुमच्या भिंतीवरच्या स्प्लिटला फक्त उतार पुरतो, ट्रॅप लावलात तर गाळ साचायला एक जागा वाढवाल.

फिटर आला की त्याला स्पिरिट लेव्हल (सपाटी बघायची बुडबुड्याची पट्टी) लावायला सांगा. युनिट ड्रेनच्या विरुद्ध बाजूला कललेलं असेल तर बाकी काहीही करून उपयोग नाही. निचरा साफ करायचाच असेल तर बाहेरच्या टोकाला व्हॅक्यूम लावून ओढू दे. बाहेरून आत दाबाने हवा मारली की घाण ट्रेमध्ये परत जाते आणि कच्चे सांधे निसटतात. ब्लीच वगैरे ओतू देऊ नका, कॉइलच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांना ते चालत नाही.

आणि खोलीतून जाणाऱ्या ड्रेनच्या नळीवर फोम आहे का? उघड्या नळीला बाहेरून घाम फुटतो आणि आपण गळती शोधत बसतो. भोकाचा बाहेरच्या बाजूने एक फोटो टाका, उतार कुठल्या दिशेला आहे ते त्यावरून सांगता येईल.