प्रश्न रोकडीचा, चूक ठेवींची

२०१५ मध्ये ग्रीसमधील बँका तीन आठवडे बंद राहिल्या आणि एटीएममधून दिवसाला ६० युरोच मिळत होते, हे वाचल्यापासून आपल्याकडे तसे घडल्यास घरात किती रोकड असावी, असे आपण विचारले आहे. दरमहा ४० हजारांचा खर्च असेल तर २०-२५ हजार रुपये घरी पुरेत.

मला काळजी वाटते ती आपण पत्राच्या शेवटी सहज लिहून गेलेल्या मजकुराची. निवृत्तीचे सगळे ३२ लाख एकाच सहकारी बँकेच्या चार शाखांत, स्वतःच्या एकट्याच्या नावावर, आठ-आठ लाखांच्या मुदत ठेवींत आहेत आणि प्रत्येक शाखेतील ठेवीला पाच लाखांचा वेगळा विमा असल्याचे शाखाधिकाऱ्यांनी सांगितले. हे धादांत चुकीचे आहे. ते खरे असते तरी १२ लाख उघडेच राहिले असते. ठेव विमा महामंडळ एका बँकेच्या सर्व शाखांतील आपल्या ठेवी एकत्र धरते आणि मुद्दल व व्याज मिळून पाच लाखांपर्यंतच हमी देते. म्हणजे आपले किमान २७ लाख विनासंरक्षण आहेत.

ते अडकण्यासाठी देशभरातील बँका बंद पडण्याची गरज नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर निर्बंध घातले, तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला सहा महिन्यांसाठी अवघे एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. ठेव विमा कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध आलेल्या बँकेतील विमाधारित रक्कम साधारण ९० दिवसांत मिळते, परंतु त्यावरील रकमेसाठी बँकेचे पुनरुज्जीवन, विलीनीकरण किंवा अवसायन (बँक गुंडाळणे) यांची वाट पाहावी लागते, आणि त्यात वर्षे जातात. ‘सरकार बँक बुडू देणार नाही’ या आशेवर औषधपाण्याचा खर्च भागत नाही.

हे सारे या बँकेच्या अर्धा टक्का जादा व्याजासाठी, म्हणजे वर्षाला १६ हजार आणि महिन्याला जेमतेम तेराशे रुपयांसाठी!

या बँकेत व्याजासह पाच लाखांच्या आत राहील एवढीच रक्कम ठेवा. उरलेल्यातील मोठा भाग ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत घाला, तिथे ३० लाखांपर्यंत मुभा आहे. बाकीची रक्कम सरकारी बँकेत ठेवा. मुदतपूर्व मोडणीत काही हजारांचे व्याज कापले जाईल, ते जाऊ द्या. शाखाधिकारी थांबण्याचा आग्रह करतील. अर्ज लेखी द्या, शिक्क्यासह पोच घ्या आणि पैसे दुसऱ्या बँकेतील खात्यात जमा झाल्याची खात्री करा.