शाळा सोडताना पूर्वसूचना दिली नाही म्हणून तीन महिन्यांची फी मागितली जात असेल, तर ती द्यावीच लागते का?

आपण लिहिले आहे की मुलगी चौथी उत्तीर्ण झाली आहे, जूनपासून तिला महाराष्ट्रातल्याच एका अनुदानित शाळेत घालायचे आहे, आणि एप्रिलच्या मध्यावर तसे कळवल्यावर सध्याच्या खासगी विनाअनुदानित शाळेने प्रवेश अर्जातील तीन महिन्यांच्या पूर्वसूचनेची अट पुढे करून पहिल्या तिमाहीची फी मागितली आहे. ती भरल्याशिवाय दाखला नाही, आणि अनामतही परत मिळणार नाही, असे आपल्याला तोंडी सांगण्यात आले. माझ्या मुलाच्या वेळी शब्दश: हीच तीन वाक्ये मी फीच्या खिडकीपाशी ऐकली होती, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

दाखला, पूर्वसूचनेची फी आणि अनामत या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी पक्के करावे. शाळा त्यांची एकच मोट बांधते, कारण दाखल्याची निकड पालकाला असते आणि त्या निकडीपोटी तो बाकीच्या दोन्ही बाबतींत नमते घेतो. आपण तिन्हींसाठी तीन स्वतंत्र पत्रे द्यावीत. एकाच पत्रात सगळे लिहिले की उत्तरही एकच येते: ‘आधी येणे भरा.’

दाखल्याबाबत आपली बाजू सर्वांत भक्कम आहे. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 5 नुसार सहा ते चौदा वयोगटातील मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेत जात असेल, तर आधीच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी दाखला तत्काळ द्यायचा असतो. दाखला उशिरा आला म्हणून नव्या शाळेला प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही, आणि विलंब करणारे मुख्याध्यापक सेवानियमांनुसार शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतात. (नवी शाळा विनाअनुदानित असती, तर या कलमाचा शब्दश: आधार घेता आला नसता, इतर वाचकांनी हा फरक लक्षात ठेवावा.) जुलै 2024 मध्ये मद्रास उच्च न्यायालयानेही दाखला हे फी वसुलीचे साधन नाही आणि थकबाकीचा शेरा त्यावर मारू नये, असे म्हटले. तो निकाल तमिळनाडूतला असल्यामुळे आपल्या शाळेवर थेट बंधनकारक नाही, परंतु पत्रात त्याचा उल्लेख जरूर करावा. आठवडाभरात दाखला मिळाला नाही, तर त्याच पत्राची प्रत जोडून जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे, मुंबईत असाल तर शिक्षण विभागाच्या संबंधित कार्यालयाकडे, लेखी तक्रार करावी.

पूर्वसूचनेच्या फीचा प्रश्न मात्र इतका सरळ नाही. अर्जावर आपली सही आहे, त्यामुळे ‘ही अटच बेकायदा आहे’ असा पवित्रा घेऊ नये; मी आधी तोच घेतला आणि त्यात दोन आठवडे वाया घालवले. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 74 चा रोख वेगळा आहे. करारात भरपाईची रक्कम आधीच लिहिलेली असली, तरी ती आपोआप पूर्ण मिळत नाही. तो आकडा ही कमाल मर्यादा असते आणि तिच्या आत वाजवी असेल तेवढीच भरपाई मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने 1963 मध्ये फतेहचंद खटल्यात हे तत्त्व मांडले, आणि 2015 मध्ये कैलाशनाथ असोसिएट्स प्रकरणात स्पष्ट केले की नुकसान सिद्ध करणे शक्य असेल, तिथे ते सिद्ध करण्यापासून सुटका नाही. शिवाय, कलम 73 च्या स्पष्टीकरणानुसार, नुकसान टाळण्याचे कोणते मार्ग उपलब्ध होते हेही भरपाई ठरवताना पाहिले जाते. म्हणून शाळेला विचारायचा प्रश्न असा: मुलगी गेल्यामुळे आपले नेमके किती नुकसान झाले आणि ती जागा भरली की रिकामी राहिली?

माझ्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर शाळेच्याच फाटकावर लावलेले होते. ‘इयत्ता पाचवी : प्रवेश पूर्ण, प्रतीक्षा यादी बंद’ असा छापील कागद तिथे चिकटवलेला होता, त्याचा तारखेसह फोटो मी काढला आणि पत्राला जोडला. आमच्या मुलाची जागा एप्रिलमध्येच दुसऱ्या मुलाने घेतली असेल, तर जून ते ऑगस्टची फी एकाच बाकासाठी दोनदा मागितली जात होती. या एका कागदाने माझ्या सगळ्या कायदेशीर युक्तिवादांपेक्षा जास्त काम केले, असे मला आजही वाटते.

उलट बाजूही सांगतो. वर्षाच्या मधे, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, मूल काढले असते तर जागा भरणे अवघड असते आणि शाळेचे म्हणणे बऱ्याच अंशी रास्त ठरले असते. तसेच जानेवारी-फेब्रुवारीत बऱ्याच शाळा ‘पुढील वर्षी आपला पाल्य याच शाळेत राहणार आहे का’ असा फॉर्म घरी पाठवतात. आपण त्यावर ‘होय’ लिहून सही केली असेल, तर तो फॉर्म आपल्यासमोर ठेवला जाईल. म्हणून बोलणी सुरू करण्यापूर्वी त्याची प्रत शोधून ठेवावी.

महाराष्ट्रात आणखी एक विचारणा करता येते. शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, 2011 नुसार मंजूर शुल्कापेक्षा जास्त रक्कम शाळेला घेता येत नाही. मंजूर शुल्काला आव्हान द्यायचे, तर 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान 25 टक्के पालक एकत्र यावे लागतात आणि ते एकट्याच्या आवाक्यातले नाही; परंतु ‘पूर्वसूचनेऐवजी फी’ या नावाची रक्कम मंजूर शुल्कात दाखवलेली आहे का, हे लेखी विचारण्यास कोणाचीच गरज लागत नाही. मला या प्रश्नाचे लेखी उत्तर कधीच मिळाले नाही. ग्राहक आयोगाचा मार्ग मी सुचवणार नाही, कारण शिक्षणसंस्था ‘सेवा’ देतात की नाही याबद्दल निकालांत मतभेद आहेत आणि जानेवारी 2020 मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने त्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येत नाहीत असा निर्णय दिला होता.

अनामतीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ती परत करण्याच्या बोलीनेच घेतलेली असते, पावतीवर बहुधा तसे छापलेले असते, आणि एकाच नुकसानीपोटी अनामतही ठेवून घ्यायची आणि तिमाहीची फीही मागायची हे चालत नाही. मूळ पावती मात्र हातची सोडू नये, छायाप्रत द्यावी.

पत्रे देताना पोच घेणे आवश्यक आहे. आमच्या लिपिकबाईंनी ‘साहेब नाहीत’ म्हणत शिक्का मारण्यास नकार दिला, तेव्हा मी तीच पत्रे त्याच दिवशी स्पीड पोस्टाने आणि शाळेच्या ईमेलवर पाठवली. तारीख सिद्ध करण्यास तेवढे पुरते. पत्रात खरोखर देय असलेली रक्कम स्वत:हून मान्य करावी. मी एप्रिलची बस फी भरली नव्हती, ती पहिल्याच पत्रासोबत भरून टाकली आणि त्यानंतर संभाषणाचा सूर बदलला.

नव्या शाळेतला प्रवेशच धोक्यात येत असेल, तर पैसे भरण्यातही कमीपणा नाही. मात्र ते रोखीने न देता बँकेतून द्यावेत, कशापोटी दिले ते पावतीवर लिहून घ्यावे आणि ‘हक्क राखून, हरकतीसह’ असे त्याच दिवशी लेखी कळवावे. अशी रक्कम परत मागण्याच्या दाव्याला साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते.

माझ्या प्रकरणात दाखला नवव्या दिवशी मिळाला, अनामत जुलैत खात्यात आली, आणि तिमाहीच्या फीची मागणी मागे घेतल्याचे कोणी सांगितले नाही, पण ती पुन्हा कधी झालीही नाही. दाखला हातात आला की खिडकीवरून हलण्यापूर्वी आईचे नाव, जन्मतारीख आणि ती अक्षरी लिहिली आहे का, हे वाचून पाहावे. आमच्या दाखल्यावर जन्ममहिना चुकला होता, आणि त्या दुरुस्तीसाठी मला पुन्हा त्याच लिपिकबाईंसमोर उभे राहावे लागले.