एखादी व्यक्ती पूर्वी राजकीय पक्षात असेल, तर तिला सर्वोच्च न्यायालयाची न्यायाधीश नेमावं का? अशा नेमणुकांत सरकारचा हात किती असतो?

नेमावं. पूर्वी पक्षात असणं ही अपात्रता नाही, आणि ती तशी असावी असं मला वाटतही नाही. मी दिवाणी वकिली करते, न्यायाधीशाच्या घरात वाढले. २०२५ मध्ये सत्ताधारी पक्षाच्या एका माजी प्रवक्त्या मुंबई उच्च न्यायालयावर नेमल्या गेल्या, तेव्हापासून हा प्रश्न मला नातेवाइकांपासून पक्षकारांपर्यंत सगळे विचारतात. प्रत्येकाचं म्हणणं एकच: पक्षाचा माणूस पक्षाचाच राहणार.

मग के. एस. हेगडे यांचं काय करायचं? ते काँग्रेसचे राज्यसभा सदस्य होते. १९५७ मध्ये म्हैसूर उच्च न्यायालयात न्यायाधीश झाले, पुढे सर्वोच्च न्यायालयात आले. २४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारतीचा निकाल ७ विरुद्ध ६ असा लागला. घटनेच्या मूळ चौकटीला संसदेनेही धक्का लावता येणार नाही, असं म्हणणाऱ्या सातांत हेगडे होते. लगेच शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर या तिघांची ज्येष्ठता डावलून ए. एन. रे यांना सरन्यायाधीश करण्यात आलं. तिघांनीही राजीनामे दिले. रे यांच्या मागे कुठल्या पक्षाची खासदारकी नव्हती, पण ते सरकारच्या बाजूने मत देणाऱ्या सहांपैकी होते.

कृष्ण अय्यर तर केरळात नंबुद्रीपादांच्या १९५७ च्या कम्युनिस्ट मंत्रिमंडळात मंत्री होते. इंदिरा गांधींच्या काळात, १९७३ मध्येच, ते सर्वोच्च न्यायालयात आले. दोन वर्षांनी, जून १९७५ मध्ये, इंदिरा गांधींची निवडणूक रद्द करणाऱ्या अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या निकालाला स्थगिती मागायला पंतप्रधानांचे वकील सुट्टीत काम पाहणाऱ्या न्यायाधीशांपुढे उभे राहिले. ते न्यायाधीश अय्यर होते. त्यांनी २४ जूनला अटी घालून स्थगिती दिली: पदावर राहता येईल, पण लोकसभेत मतदान करता येणार नाही. दुसऱ्या रात्री आणीबाणी आली.

आता माझ्या वडिलांचं सांगते, कारण हा प्रश्न वाचून मला तेच आठवलं.

बापू सेवादलाच्या शाखेतून समाजवादी पक्षात गेलेले. आणीबाणी शिथिल झाल्यावर, १९७७ च्या निवडणुकीत, ते सायकलवरून गावोगाव प्रचार करत होते. नंतर एमपीएससीची परीक्षा देऊन कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश झाले. नेमणूक स्वीकारण्याआधी पक्षाचा रीतसर राजीनामा दिला. आमच्या जिल्ह्याबाहेरच्या एका तालुक्याला ते असताना त्यांच्या बोर्डावर एका विधवा बाईचा दावा आला. प्रतिवादी होती एक शिक्षणसंस्था. संस्थेचे अध्यक्ष बापूंचे प्रचारातले सोबती, आणि माझे सख्खे काका त्याच संस्थेच्या दुसऱ्या एका शाळेत शिक्षक. बाईची जमीन संस्थेने मैदान म्हणून ताब्यात ठेवली होती.

पहिल्याच तारखेला बापूंनी भर कोर्टात दोन्ही बाजूंच्या वकिलांना सगळं सांगितलं. मी या पक्षात होतो, अध्यक्षांना ओळखतो, माझा भाऊ संस्थेत नोकरीला आहे. हरकत असेल तर प्रकरण दुसऱ्या कोर्टाकडे वर्ग करून घ्या. संस्थेच्या वकिलांनी लगेच हरकत नसल्याची पुरसिस, म्हणजे लेखी निवेदन, दिली. बाईच्या वकिलांनी मुदत मागितली, आणि पुढच्या तारखेला त्यांनीही दिली. त्या वकिलांनी बाईला काय समजावलं असेल, हा विचार मी स्वतः वकील झाल्यावर कितीदा केला आहे. विरुद्ध बाजूच्या जुन्या सोबत्यापुढे आपला दावा चालू द्यायला मोठी हिंमत लागते.

संस्थेचं म्हणणं असं की बाईच्या नवऱ्याने हयातीत जमीन शाळेला तोंडी बक्षीस दिली. गावातले पाच-सहा प्रतिष्ठित तसं सांगायला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिले. पण स्थावर मिळकतीचं बक्षीस नोंदणीकृत दस्ताशिवाय होत नाही, हे कायद्याच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असतं, आणि दस्त नव्हता. बापूंनी बाईला ताबा देण्याचा हुकूमनामा केला. संस्था अपिलात गेली, जिल्हा न्यायालयाने अपील फेटाळलं.

त्यानंतर अध्यक्षांचं दिवाळीचं पत्र येणं थांबलं. काकांचंही येणं-जाणं तुटलं, आजीच्या श्राद्धाला तेवढे यायचे. त्यांना मुख्याध्यापकपद उशिरा मिळालं, त्याचं खापर त्यांनी बापूंवर फोडलं. माझ्या लग्नात पंगत बसलेली असताना काका सगळ्यांसमोर म्हणाले, “आपला माणूस कोर्टात बसवायचा तो कशासाठी?” बापूंनी वाढणं न थांबवता उत्तर दिलं, “मी पक्षाचा राजीनामा दिला तेव्हा तो तुला वाचायला दिला होता.” दोघे त्यावर पुन्हा कधी बोलले नाहीत. बापू गेले. काका आता ऐंशीच्या पुढे आहेत आणि अजून माझ्याशी याच विषयावर भांडतात.

२०२३ मध्ये राहुल गांधींचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं, तेव्हा न्यायमूर्ती भूषण गवई यांनी सुरुवातीलाच सांगितलं की माझ्या वडिलांचे काँग्रेसशी जवळचे संबंध होते आणि भाऊ अजून राजकारणात आहे. हरकत असेल तर सांगा. कुणीच हरकत घेतली नाही. ती बातमी वाचून मी काकांना फोन केला होता.

माझं म्हणणं एवढंच आहे: न्यायाधीश कुठून आला हे एकदा बघा, पण त्याला पुढे काय मिळायचं आहे हे रोज बघा. बहरुल इस्लाम काँग्रेसचे राज्यसभा सदस्य होते. १९७२ मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयावर गेले, तिथून निवृत्त झाल्यावर डिसेंबर १९८० मध्ये त्यांना सर्वोच्च न्यायालयात आणलं गेलं. बिहारचे काँग्रेसी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांच्यावरचा खटला काढून घेण्याला मान्यता देणाऱ्या निकालात ते होते, आणि त्यानंतर काही आठवड्यांत, १९८३ च्या जानेवारीत, काँग्रेसची उमेदवारी करायला त्यांनी न्यायाधीशपद सोडलं. पूर्वीचा पक्ष हेगड्यांनाही होता. इस्लाम यांच्यापुढे तिकीट होतं.

भीतीही पुढचीच असते. १९७६ मध्ये आणीबाणीतल्या अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येते का, या प्रश्नावर चौघांनी नाही म्हटलं, एकट्या एच. आर. खन्नांनी हो म्हटलं. १९७७ च्या जानेवारीत त्यांना डावलून बेग सरन्यायाधीश झाले. मुंबई उच्च न्यायालयात उमेश ललित हे अतिरिक्त न्यायाधीश होते. आणीबाणीत त्यांनी विद्यार्थ्यांना जामीन दिला, आणि त्यांना कायम केलं गेलं नाही. त्यांचे चिरंजीव उदय ललित २०२२ मध्ये सरन्यायाधीश झाले, तेव्हा अनेकांना हे पहिल्यांदा कळलं.

काका म्हणतात, आज ‘त्यांची’ माणसं बसतात, तेव्हा आपण आपली बसवायला हवी होती. हाच युक्तिवाद १९७३ मध्ये केंद्रीय मंत्री मोहन कुमारमंगलम यांनी लोकसभेत केला होता, की न्यायाधीशाचा सामाजिक दृष्टिकोन बघण्याचा सरकारला हक्क आहे. तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांनी ते हत्यार पुढच्या सरकारांनाही देऊन टाकलं. म्हणून मला आजचा सत्ताधारी पक्ष आवडतो की नाही, याचा इथे संबंध नाही.

आता सरकारच्या हाताबद्दल. १९९३ आणि १९९८ च्या निकालांनंतर सर्वोच्च न्यायालयासाठी नावं सरन्यायाधीश आणि चार ज्येष्ठ न्यायाधीश सुचवतात. सरकार नाव परत पाठवू शकतं, पण तेच नाव पुन्हा आलं तर ते बंधनकारक असतं. बंधनकारक असलं तरी त्याला मुदत नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे. फाईल दाबून ठेवता येते. उत्तराखंडातली राष्ट्रपती राजवट रद्द करणाऱ्या के. एम. जोसेफ यांचं नाव २०१८ मध्ये परत पाठवलं गेलं; पुन्हा शिफारस झाल्यावर त्यांची नेमणूक झाली, तोवर ज्येष्ठता गेली होती. गुजरात उच्च न्यायालयाचे न्यायाधीश अकील कुरेशी यांनी २०१० मध्ये अमित शहांना सीबीआय कोठडी दिली होती. पुढे ते मुंबईला बदलून आले, मध्य प्रदेशच्या मुख्य न्यायमूर्तिपदाची शिफारस बदलून त्यांना त्रिपुराला धाडलं गेलं आणि २०२२ मध्ये ते राजस्थानातून निवृत्त झाले, सर्वोच्च न्यायालयात पोहोचलेच नाहीत. बंद खोलीतली ही पद्धत मलाही पटत नाही. तरी कायदामंत्र्यांना त्या खोलीत खुर्ची देणारा न्यायिक नियुक्ती आयोग २०१५ मध्ये रद्द झाला, हे बरंच झालं.

करायचं असेल तर निवृत्तीनंतरची पदं बंद करा. सेटलवाडांच्या विधी आयोगाने १९५८ मध्येच न्यायाधीशांनी निवृत्तीनंतर सरकारी पद घेऊ नये असं सांगितलं होतं. माजी सरन्यायाधीशांपैकी रंगनाथ मिश्र १९९८ मध्ये काँग्रेसतर्फे राज्यसभेत गेले, रंजन गोगोई निवृत्तीनंतर चार महिन्यांत, मार्च २०२० मध्ये, नामनियुक्त झाले. गवई यांनी असं कुठलंही पद घेणार नाही, असं आधीच जाहीर केलं होतं. तसं लेखी वचन प्रत्येकाकडून नेमणुकीच्या वेळीच घ्यावं.

यात एक अडचण आहे, ती लपवत नाही. हेगडे १९७७ मध्ये जनता पक्षातर्फे निवडून आले आणि लोकसभेचे अध्यक्ष झाले. खन्ना १९८२ मध्ये विरोधकांचे राष्ट्रपतिपदाचे उमेदवार होते. काका ही दोन नावं मला प्रत्येक भेटीत ऐकवतात. पण ज्या सरकारपुढे त्यांनी मान झुकवली नाही, त्याने त्यांना काही दिलेलं नव्हतं, उलट दोघांचं सरन्यायाधीशपद त्याच सरकारने घालवलं. आणि तालुक्याच्या दाव्यावरून सर्वोच्च न्यायालय मोजता येत नाही, हेही मान्य. तिथे पुरसिस देणारी विधवा नसते, सगळा देश पक्षकार असतो. म्हणून पक्षातून आलेल्या न्यायाधीशांनी निदान त्या पक्षाची निवडणूक आणि पक्षफुटीची प्रकरणं ऐकू नयेत.

काकांना त्यांचा नातू माझी उत्तरं वाचून दाखवतो. काका, त्या निकालाची नक्कल माझ्याकडे आहे. बक्षीसपत्राचा दस्त असेल तर घेऊन या, मग बोलू.