उत्तर नसलं तरी फोन उचला

प्रश्न: ताई नमस्कार. मी भोसरी एमआयडीसीत कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर दुसऱ्या कंपन्यांचे पार्ट बनवून देणाऱ्या एका जॉबवर्कच्या शॉपमध्ये सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा, म्हणून लागलो, गेल्या दिवाळीपासून मालकांनी सगळं प्रॉडक्शन माझ्याकडे दिलंय, हाताखाली १४ जण. कामात चूक काढा म्हणलं तर कोणी काढणार नाही. पण चाकणहून कस्टमरचा पर्चेसवाला फोन करतो की लॉट कधी निघणार, आणि माल हीट ट्रीटमेंटवरून, म्हणजे बाहेरच्या भट्टीत तापवून कडक करायला दिलेला, परत आलेलाच नसतो, मग मी काय सांगू? नक्की कळल्याशिवाय बोलायचं नाही हा माझा स्वभाव, म्हणून फोन घेत नाही, माल आला की सांगतोच ना. काल त्याचे तीन मिस्ड कॉल होते. पोरांनी ओव्हरटाइमचं विचारलं तरी तेच, बघतो म्हणतो आणि राहून जातं. आता मालक म्हणतात काम चांगलंय पण तुझ्यावर भरवसा ठेवता येत नाही. खोटं बोलत नाही हा गुन्हा आहे का?
– एक वाचक, मोशी

उत्तर: दादा, आधीच सांगते, मी २२ वर्षं पर्चेसमध्ये काढलीत, म्हणजे तुम्ही जिचा फोन घेत नाही ती बाई मीच. तेव्हा थोडी त्याच्या बाजूने बोलणार, चालवून घ्या.

तुम्हाला वाटतं तो माल मागायला फोन करतो. नाही हो, माल लटकलाय हे त्याला दुसऱ्या मिस्ड कॉललाच कळतं. चारला माल येणार नाही हे सकाळी दहाला कळलं तर तो लाईनवर दुसरा पार्ट लावून घेतो, स्टोअरमधला जुना स्टॉक काढतो, काहीतरी जमवतो. तेच पावणेचारला कळलं तर त्याच्या हातात फक्त शिव्या उरतात, आणि त्यासुद्धा आधी त्यानेच खाल्लेल्या असतात. माझ्याकडे एक व्हेंडर होता, रेट जरा चढाच, पण भट्टी बंद पडली की अर्ध्या तासात त्याचा फोन, मॅडम भट्टी गेलीये, मेकॅनिक बोलावलाय, एक वाजता परत सांगतो, आणि एकला खरंच फोन यायचा, सांगायला काही नसलं तरी यायचा, अजून चालू नाही झाली, आता तीनला सांगतो. त्याची ऑर्डर मी कधी कमी केली नाही. दुसरा एक होता, क्वालिटी एक नंबर, फोन कायम बंद, त्याचं काम मीच दुसरीकडे हलवलं. वाईट वाटलं, पण हलवलं.

मी सिंहगड रोडला राहते. पावसाळ्यात सोसायटीच्या ग्रुपवर खडकवासला धरणाच्या विसर्गाचा मेसेज येतो, अमुक वाजता मुठेत इतके क्युसेक सोडणार, पावसाप्रमाणे कमी-जास्त होऊ शकतं. आमच्या पार्किंगमध्ये पाणी शिरेल का हे त्यात नसतं, ते तेव्हा कोणाला माहीतच नसतं. पण आकडा असतो, वेळ असते आणि बदलू शकतं हे कबूल केलेलं असतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर, हा हिशोब कोणी करत बसत नाही, पण पाच हजाराचे पंचवीस हजार झाले की लोक गाड्या वर काढतात, पाण्याखाली जाणारा नदीपात्रातला भिडे पूल टाळतात. तोच मेसेज गाडी बुडाल्यावर आला तर त्याचं काय लोणचं घालायचं? माझ्या सासूबाई लहानपणी नारायण पेठेत होत्या, १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं आणि मागोमाग खडकवासला, त्यांना कळलं ते गल्लीत पाणी शिरल्यावर. अजून पाऊस लागला की विचारतात, मेसेज आला का गं? पाणी किती आलंय ते नाही विचारत.

पोरांचं प्रकरण मला जास्त नाजूक वाटतं. कस्टमर निदान फोन करून भांडतो, पोरं भांडत नाहीत, टपरीवर चहा पिताना आपापसात ठरवून टाकतात की मालकाने पैसे दिले होते, मधल्यानेच दाबले. तो मधला म्हणजे तुम्ही. बघतो म्हणण्याऐवजी, मालक बुधवारी येतायत, शिफ्ट सुटताना सांगतो, असं म्हणा, आणि बुधवारी शिफ्ट सुटताना तिथे उभे राहा, मालक नाही म्हणाले असले तरी. खास करून तेव्हा. नाही ऐकून माणूस दोन दिवस तोंड पाडून फिरतो आणि कामाला लागतो, लटकत ठेवलेला मात्र हळूच बाजूच्या शॉपमध्ये चौकशी करायला लागतो.

आणि हो, म्हणून रात्री अकराचा फोनही घ्या असं मी म्हणत नाहीये. घाईत तारीखही फेकू नका, उद्या देतो म्हणून तीनदा फिरवणाऱ्यापेक्षा तुम्ही बरे. खोटं न बोलण्याचा स्वभाव सोडू नका, फक्त 'अजून माहीत नाही' हेही खरंच असतं, तेही बोलता येतं.

तुमचे ते तीन मिस्ड कॉल वाचून मला राहवलं नाही, अंक निघेपर्यंत थांबण्यात अर्थ नव्हता, म्हणून त्याच दिवशी तुम्हाला मेल केला होता की त्याला आत्ता फोन करा, भट्टीवाल्याशी बोललोय, माल आलेला नाही, चारला परत सांगतो एवढंच म्हणा आणि चारला सांगा. त्या मेलला तुमचा रिप्लाय अजून आलेला नाही.