‘ए’ लावू की ‘ॲन’? प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचे प्रश्न

आपोआप इंग्रजी पत्रं आणि सूचना तयार करणाऱ्या प्रोग्रॅमविषयी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर आलेल्या प्रश्नांपैकी निम्मे एकाच जागी अडकलेले दिसले: साच्यातल्या रिकाम्या जागी कुठला शब्द येणार हे आधी माहीत नसेल, तर त्याच्या आधी ‘ए’ छापायचा की ‘ॲन’? म्हणून आजची जागा त्यालाच.

प्रश्न : प्रोजेक्टसाठी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत चार ओळी लिहिल्या. पहिलं अक्षर ए, ई, आय, ओ, यू यांपैकी असेल तर ‘ॲन’, नाहीतर ‘ए’. आता तो ‘ॲन युनिव्हर्सिटी’ आणि ‘ए अवर’ छापतोय. अपवाद घालत बसू का? – अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, सांगली

शाळेत पाच अक्षरं घोकून घेतली जातात, घोटाळा तिथेच सुरू होतो. नियम अक्षराचा नाहीच, उच्चाराचा आहे. ‘युनिव्हर्सिटी’ म्हणताना तोंडातून आधी ‘य’ निघतो, म्हणून ‘ए’. ‘अवर’मधला एच मुका, म्हणून ‘ॲन’.

अपवाद जरूर घाला, पण पूर्ण शब्दांचे. सुरुवातीच्या तीन-चार अक्षरांवरून नियम करायला गेलात की फसलात. ‘ऑनेस्ट’साठी एच-ओ-एन-ई धरलं तर जाळ्यात ‘हनी’ही येतो. ‘ऑनर’साठी एच-ओ-एन-ओ धरलं तर होनोलुलू शहर सापडतं. यू-एन-आय म्हणजे ‘युनि’ असं ठरवलं, तर ‘अनइम्पॉर्टंट’ बोंब मारतो. त्याला वगळून पुढे गेलात तर यू-एन-आय-डी या एकाच सुरुवातीचे ‘अनआयडेंटिफाइड’ आणि ‘युनिडायरेक्शनल’ समोर उभे, एकाला ‘ॲन’ हवा, दुसऱ्याला ‘ए’. या खेळाला शेवट नाही.

त्यापेक्षा उच्चारकोश वापरा. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाचा कोश फुकट मिळतो. त्यात सव्वा लाखाहून जास्त शब्द आहेत आणि प्रत्येक शब्द ३९ ध्वनींच्या खुणांमध्ये फोडून दिलेला आहे. त्यातली एक गंमत तुमच्या फार उपयोगाची आहे. स्वराच्या खुणेला शेवटी आघाताचा आकडा चिकटवलेला असतो, ०, १ किंवा २. व्यंजनाला आकडा नसतो. म्हणजे शब्दाची पहिली खूण उचलायची आणि तिच्या शेवटी आकडा आहे का एवढंच बघायचं. असेल तर ‘ॲन’. स्वरांची यादीसुद्धा लिहावी लागत नाही. शब्द कोशात नसेल तेव्हाच तुमच्या जुन्या चार ओळींकडे वळा.

तयार माल हवा असेल तर पायथनमध्ये ‘इन्फ्लेक्ट’ नावाची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, आहे. तिचं मूळ डेमियन कॉन्वे यांनी पर्ल भाषेसाठी लिहिलेल्या मॉड्यूलमध्ये. पण प्रोजेक्ट मार्कांसाठी असेल तर कोशाचा रस्ता धरा, तोंडी परीक्षेत सांगायला काहीतरी उरेल.

प्रश्न : मी मुलांना सांगते, इंग्रजी शब्द देवनागरीत लिहा, सुरुवातीला स्वर आला तर ‘ॲन’, व्यंजन आलं तर ‘ए’. हे कॉम्प्युटरला शिकवता येईल का? – शिक्षिका, रत्नागिरी

बाई, सगळ्या पत्रांत मला तुमचं आवडलं. देवनागरी उच्चाराप्रमाणे चालते, त्यामुळे इंग्रजी स्पेलिंगनं दडवलेलं ती उघड करते. अवर, ऑनेस्ट, एअर म्हणजे वारस: तिन्हींना ‘ॲन’. युनिट, युरोपियन, वन-वे तिकीट: तिन्हींना ‘ए’. यादी नको, अपवाद नको.

कॉम्प्युटरलाही जमतं. कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरीचे सुटे स्वर ०९०४ ते ०९१४ या क्रमांकांत ओळीनं बसलेत. पहिलं अक्षर त्या पट्ट्यात पडतं का हे तपासलं की झालं. मीही असंच लिहिलं आणि खुशीत पहिलाच शब्द दिला: ॲपल. उत्तर आलं ‘ए ॲपल’! पहिलीतलं पोरगंही चुकणार नाही तिथे माझा प्रोग्रॅम चुकला. कारण आपला मराठी ‘ॲ’ त्या पट्ट्यात नाहीच. त्याला युनिकोडमध्ये नंतर जागा मिळाली, ती ०९७२ वर, रांगेपासून लांब. त्यातून काही जण तेच अक्षर ‘अ’वर चंद्र देऊन दोन तुकड्यांत टाइप करतात, ते मात्र बरोबर ओळखलं जातं. दिसायला दोन्ही सारखीच, त्यामुळे चूक सापडेपर्यंत डोकं दुखतं. ०९७२ वेगळा जोडा.

दुसरा खड्डा आपल्या लिहिण्याचा. ‘हॅपी न्यू इयर’ असं आपण सर्रास लिहितो, पण इंग्रजीत तिथे ‘य’ आहे, म्हणून ‘ए इयर’. कान या अर्थाच्या ‘इयर’ला मात्र ‘ॲन’. (‘इस्कूल’ आणि ‘इष्टेशन’ म्हणणाऱ्या आमच्या आजोबांच्या पिढीला प्रोग्रॅमनं काय दिलं असतं, याचा विचार न केलेलाच बरा.)

तुमची युक्ती खरी चमकते ती आपल्याकडच्या नावांत. उरण, उमरगा ही नावं अमेरिकी कोशात शोधू नका. यू, मग व्यंजन, मग स्वर असं स्पेलिंग दिसलं की ‘यु’ उच्चारायचं, असा नियम बरेच प्रोग्रॅम लावतात आणि उरणला ‘युरण’ समजून ‘ए’ लावून मोकळे होतात. गावांची यादी तुमच्याकडे मराठीत असतेच. तीच वापरा.

प्रश्न : आमच्या सॉफ्टवेअरमधून ग्राहकांना पत्रं जातात. म्हाडा, सिडको, एमआयडीसी, एसबीआय अशी लघुनावं साच्यात येतात. सगळी कॅपिटल अक्षरं दिसली की अक्षराच्या नावाप्रमाणे ठरवलं तर चालेल? – प्रोग्रॅमर, ठाणे

अर्धं चालेल. सुटी अक्षरं वाचली जातात तिथे बारा अक्षरांना ‘ॲन’ लागतो: ए, ई, एफ, एच, आय, एल, एम, एन, ओ, आर, एस, एक्स. म्हणून ‘ॲन एफआयआर’, ‘ॲन एसबीआय अकाउंट’, पण ‘ए यूपीआय पेमेंट’.

अडचण शब्दासारख्या वाचल्या जाणाऱ्या नावांची. म्हाडा आणि एमआयडीसी दोन्ही एमनं सुरू होतात, पण ‘ए म्हाडा फ्लॅट’ आणि ‘ॲन एमआयडीसी प्लॉट’. तसंच ‘ए सेबी नोटीस’, ‘ॲन एसबीआय लोन’. कॅपिटल अक्षरांकडे बघून यातला फरक कुठल्याही प्रोग्रॅमला कळणार नाही. हातानं तक्ता करा. तुमच्या कामात अशी नावं चाळीस-पन्नास असतील, एका दुपारचं काम. एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) यासारख्यांना तर दोन उच्चार आहेत, ‘सीक्वेल’ म्हणणारे ‘ए’ लावतात. एक ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा.

आणि आर्टिकल नामाला चिकटवून साठवू नका. ते लगेच पुढे येणाऱ्या शब्दाप्रमाणे बदलतं. ‘ए फ्लॅट’ बरोबर, पण मध्ये ‘ओल्ड’ घुसला की ‘ॲन ओल्ड फ्लॅट’.

प्रश्न : आकड्यांचं काय? – हिशेबनीस, नागपूर

मी एका संस्थेसाठी केलेल्या साच्यात ‘ए ८ पर्सेंट’ दोन महिने छापून जात होतं. शेवटी एका निवृत्त इंग्रजी शिक्षकांनी लाल शाईनं दुरुस्त करून पावती परत पाठवली.

आठानं सुरू होणारी कुठलीही संख्या, ८ असो की ८,५०,०००, ‘ॲन’ घेते. उरतात फक्त संख्येच्या सुरुवातीला येणारे ११ आणि १८. त्यांचे उच्चार ‘इलेव्हन’ आणि ‘एटीन’, पण संख्या खरंच तशी वाचली जाते का हे किती अंकी आहे त्यावर ठरतं, आणि इथे लाख-कोटीची आपली पद्धत वेगळी पडते. ११,००,००० आपण ‘इलेव्हन लाख’ वाचतो, म्हणून ‘ॲन’. हीच रक्कम अमेरिकेत ‘वन मिलियन वन हंड्रेड थाउजंड’, म्हणून ‘ए’. परदेशी लायब्ररी तीन-तीनचे गट धरते, म्हणजे २, ५, ८ अंकी संख्येला ‘ॲन’ देते. आपल्याला हवेत २, ५, ७, ९ अंकी. भारतीय ग्राहकांसाठी ही ओळ बदलून घ्या.

चार अंकी १८०० दोन्ही प्रकारे वाचतात, पण साल असेल तर वाद नाही: ‘ॲन १८५७ कॉइन’.

प्रश्न : ‘ॲन हिस्टॉरिक’ बरोबर की चूक? – वाचक, बेळगाव

जुनं, अजून काहींच्या तोंडी असलेलं. नव्यानं लिहिताना ‘ए’ लावा. ‘हर्ब’ मात्र देशावर अवलंबून: अमेरिकेत एच मुका, तिथे ‘ॲन’.

प्रश्न : मुळात हा ‘न’ आला कुठून? – मराठीचे प्राध्यापक, पुणे

आला नाही, गेला. ‘ॲन’ हेच जुनं रूप, ‘एक’ या अर्थाच्या शब्दापासूनचं. व्यंजनापुढे त्याचा ‘न’ झिजला. या झिजण्यात लोकांच्या कानांनीही घोळ घातले. स्वयंपाकात बांधायचा एप्रन पूर्वी ‘नेप्रन’ होता. ‘ए नेप्रन’ ऐकून लोकांनी ‘ॲन एप्रन’ असं तोडलं. न्यूट नावाच्या पाणसरड्यानं उलट शेजारचा ‘न’ पळवला, तो आधी ‘यूट’सारखा होता. आपलं नारिंगही असंच सोलून निघालं. संस्कृत नारंग फारसी-अरबीतून युरोपात पोचलं, स्पॅनिशमध्ये ‘नारांखा’ असं शाबूत राहिलं, पण फ्रेंच-इटालियनच्या वाटेवर त्याचा ‘न’ गळला. इंग्रजीच्या हाती आलं तेव्हा ते ‘ऑरेंज’ होऊनच आलं, आणि त्याला ‘ॲन’ लागतो.