बेरीज शेवटी करायची

तुझं पत्र वाचून गप्प बसवेना. धरणाच्या नफा-तोट्याच्या मॉडेलमध्ये डिस्काउंट रेट, म्हणजे पुढच्या काळातल्या पैशाची आजची किंमत दरवर्षी ज्या दराने कमी धरायची तो दर, ७ टक्के धरू की २, यावर तू अडली आहेस आणि वरिष्ठांना एकच आकडा हवा आहे. शंभर वर्षांनी होणारं १००० डॉलरचं नुकसान ७ टक्क्यांनी आज सव्वा डॉलरही भरत नाही, २ टक्क्यांनी १३८ डॉलर भरतं. गोंधळ साहजिक आहे. पण त्याआधीचा प्रश्न तू विचारतच नाहीस: हा खर्च कोणाच्या माथी?

अमेरिकेत एक टन कार्बन डायऑक्साइडची सामाजिक किंमत, म्हणजे तो हवेत सोडल्याने होणारं नुकसान, २०२३ मध्ये सुमारे १९० डॉलर ठरली. त्याआधी काही वर्षं तिथलंच सरकार ती १ ते ७ डॉलर धरत होतं. तेव्हा डिस्काउंट रेट चढा धरला होता हे खरं, पण देशाबाहेरच्या माणसांचं नुकसान हिशोबातूनच वगळलं होतं. सांग, यात दराइतकंच काय महत्त्वाचं ठरलं? कोणाच्या माथी, हे आधी बघ. हवामानबदलाच्या खर्चावरच्या स्टर्न अहवालापासून, म्हणजे २००६ पासून, या दरावर अर्थतज्ज्ञ भांडताहेत. ते मिटायची वाट बघू नकोस.

मी एका अहवालावर सही नाकारली होती. उठवलेल्या गावांचं नुकसान आणि शहराला मिळणाऱ्या विजेचा फायदा एकाच बेरजेत घातला होता, आणि उत्तर नफ्यात होतं. समर्थन ठरलेलं: जिंकणाऱ्यांना हरणाऱ्यांची भरपाई करणं शक्य असलं की पुरे, ती प्रत्यक्ष दिलीच पाहिजे असं नाही. मला ते तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. लोक मला हेकेखोर म्हणाले, कामं मिळेनाशी झाली. चांगले सहकारी दुरावले, ते मात्र अजून सलतं. पण ज्याची जमीन गेली त्याला छदामही मिळणार नसेल, तर तो नफा कोणाचा? मी दुसरं काय करायला हवं होतं?

तू हुशार आहेस, म्हणून चिडतो. दर बदलून बदलून आलेख काढत बसू नकोस. आधी तक्ता कर: कोणाचं जातं, कोणाला मिळतं, कधी. धरणाखालचे मासेमार, पाण्याखाली जाणारं जंगल आणि त्यावर जगणारे लोक, वीज वापरणारे, अजून न जन्मलेले, सगळ्यांना वेगळी ओळ. ज्याची किंमत काढता येत नाही ते शब्दांत लिही, शून्य टाकू नकोस. दोन्ही दर लावून दोन्ही उत्तरं दाखव. वरिष्ठांना हवा तो एक आकडा तक्त्याच्या खाली जाईल, तक्त्याऐवजी नाही. ओळी भरून झाल्या की मला पाठव, दरावर मग बोलू.