सॉलिसिटरनं घोळ घातलाय, आता फोन नको, ईमेल कर

बाळा,

तुझा मेसेज वाचला आणि खरं सांगते, पोटात गोळाच आला. इंग्लंडमधल्या नव्या घराच्या चाव्या हातात आल्यावर कळतंय की लीजमधला (घराच्या दीर्घ मुदतीच्या करारातला) ग्राउंड रेंट, म्हणजे जमीनमालकाला द्यायचं भाडं, दर दहा वर्षांनी दुप्पट होतो, आणि खरेदीचं काम बघणारा वकील, म्हणजे सॉलिसिटर, त्याबद्दल एक शब्द बोलला नाही. राग येणारच. पण फोन करून भांडू नकोस, मी तेच केलं होतं, माझ्या फ्लॅटच्या प्लॅनमध्ये पार्किंगची जागाच दाखवली नव्हती आणि मी तीन आठवडे फोनच करत राहिले, दर वेळी "बघतो, कळवतो", आणि तक्रार लिहायला बसले तेव्हा कोण काय बोललं याचा एकही पुरावा हातात नव्हता.

आधी फर्मकडे तुझ्या फाइलची कॉपी माग. मग एक्स्चेंजच्या (खरेदीचा करार पक्का होण्याच्या) आधी त्यांनी पाठवलेला रिपोर्ट शांतपणे, शेवटच्या पानापर्यंत वाच. ग्राउंड रेंटचं त्यात स्पष्ट लिहिलेलं असेल आणि तू वाचलं नसशील तर तुझी बाजू कमजोर पडते, ते आत्ताच कळलेलं बरं. नुसतं "लीज नीट वाचा" एवढंच असेल तर मात्र सोडू नकोस, लीज वाचून त्यातला धोका सांगायचा म्हणूनच तर आपण त्यांना फी देतो.

फाइल बघताना अजून दोन गोष्टी तपास. स्टॅम्प ड्यूटीचा रिटर्न कम्प्लिशनपासून (व्यवहार पूर्ण होतो त्या दिवसापासून) 14 दिवसांत जायला हवा, उशीर झाला तर दंडाची नोटीस तुझ्या नावावर येते, सॉलिसिटरच्या नाही. आणि लँड रजिस्ट्रीच्या (मालकी नोंदवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या) सर्चनं, दुसऱ्या कुणाची नोंद तुझ्या आधी लागू नये म्हणून, मिळणारं संरक्षण 30 वर्किंग डेजचंच असतं, तेवढ्यात तुझा नोंदणीचा अर्ज गेलाय का बघ. नावाचं स्पेलिंग, चुकीचा प्लॅन असल्या चुका त्यांनी स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायला हव्यात, तसं स्पष्ट लिही.

ग्राउंड रेंटचं दुखणं मोठं आहे कारण उद्या विकायला काढलंस तर घेणाऱ्याची मॉर्गेज कंपनी अडून बसू शकते. लीजमधलं कलम बदलून घ्यायला फ्रीहोल्डर (जमिनीचा मूळ मालक) तयार होतो का, किती पैसे मागतो, हे लेखी घे, म्हणजे तुझ्या नुकसानीला आकडा मिळेल.

मग ईमेल. सब्जेक्टमध्येच "औपचारिक तक्रार" असं लिही, काय चुकलं, कधी कळलं, काय हवंय, बस. उत्तराला त्यांना आठ आठवडे असतात. उत्तर आलंच नाही किंवा पटलं नाही तर लीगल ओम्बड्समनकडे (वकिलांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या संस्थेकडे) जा, तिथे तुला पैसे पडत नाहीत आणि ते 50,000 पौंडांपर्यंत भरपाई द्यायला लावू शकतात, पण फर्मच्या शेवटच्या उत्तरापासून सहा महिन्यांत, आणि चूक झाल्यापासून किंवा तुला कळल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं. नुकसान त्याहून जास्त निघालं तर निष्काळजीपणाच्या दाव्यासाठी दुसऱ्या फर्मचा वकील गाठ. इंग्लंडमध्ये प्रत्येक सॉलिसिटर फर्मला अशा दाव्यांसाठी विमा घ्यावाच लागतो, त्यामुळे "बिचाऱ्यांच्या खिशातून जाईल" म्हणून संकोच करू नकोस. सॉलिसिटरांवर देखरेख ठेवणाऱ्या एसआरए या संस्थेकडे लबाडीची तक्रार करता येते, पण असल्या निष्काळजीपणाची भरपाई ते तुला मिळवून देत नाहीत.

फी थोडी परत करतो, इथे सही करा असं म्हणाले तर थांब, त्या कागदानं पुढचा सगळा हक्क सुटू शकतो.

रिपोर्ट आणि लीजचं ते पान स्कॅन करून पाठव, रविवारी दोघी बसून तारखा लावू.

तुझी मावशी